माहेरच्या बाया वगळून

डॉक्टर लोकांचं एका वाक्यावर एकमत घडवून आणायचं, हे गुरुशांत म्हेत्र्यांचं नोकरीतलं काम. ज्याला हे सोपं वाटत असेल त्यानं एकदा येऊन करून बघावं. अप्पांचे केस याच कामात पिकले असं त्यांच्या बायकोचं म्हणणं आहे, आणि ते काही अगदीच खोटं नाही.

घरीदारी सगळे त्यांना अप्पाच म्हणतात. मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कन्नड, गल्लीत तेलुगू, ऑफिसात मराठी, आणि राग आला की तिन्ही भाषा एका दमात. तरुणपणी ते चादरीच्या कारखान्यात तपासनीस होते. माल बाहेर पडायच्या आधी चादर पसरायची, काठ धरून लांबी-रुंदी बघायची, कुठं धागा सुटलेला दिसला की ती बाजूला टाकायची. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांच्या शिस्तीची ख्याती ऐकून एका धर्मादाय संस्थेनं त्यांना बोलावून घेतलं. संस्थेचा 'सुखप्रसव' नावाचा प्रकल्प होता. शहरातली आणि तालुक्यांतली काही इस्पितळं त्यात सामील झालेली, शिवाय घरोघर जाऊन गरोदर आणि बाळंत बायकांना तपासणाऱ्या संस्थेच्या ताया. या सगळ्यांच्या हातून बाळंतिणींची निगा नीट राखली जाते की नाही, यावर नजर ठेवायची होती. आता नजर ठेवायची म्हणजे नेमकी कशावर, हे आधी ठरवायला हवं. त्याला तिथं निकष म्हणत. तपासनीस माणूस आहे, निकष म्हणजे काय हे त्याला शिकवायला नको, असा संस्थेनं विचार केला.

अप्पांनाही तसंच वाटलं होतं. चादर मोजायची तर मोजायची, ती कुणाच्या मागावर विणली यावरून तिची लांबी बदलत नाही. पहिल्या बैठकीला ते इस्त्रीचा सदरा घालून, उत्साही चेहऱ्यानं गेले. संध्याकाळी घरी आले ते थेट मोरीत जाऊन डोक्यावर पाणी ओतत बसले.

निकष ठरवायला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. मानसिंग सरडे. करमाळ्याकडचे, उंचेपुरे, पांढऱ्या केसांचे, आवाज कधी चढणार नाही असे. कुणाचं मन दुखू नये यावर त्यांचा इतका कटाक्ष, की एखाद्या निर्णयानं कुणी जरासं विव्हळलं तरी ते तो पुढच्या बैठकीवर ढकलत. खासगी इस्पितळांच्या वतीनं डॉ. वैजयंती काटकर यायच्या. हुशार बाई, पण कायम घाईत, आणि टेबलावर त्यांचा फोन सारखा थरथरत असायचा. बाकीचे शहरातल्या सरकारी इस्पितळांचे आणि तालुक्यांचे प्रतिनिधी. त्यांतले बार्शीकडचे गृहस्थ शंका काढण्यात पटाईत होते. कुठलंही वाक्य त्यांच्यासमोर ठेवा, ते उलटं करून त्याची शिवण बघणार.

"बाई दारात आल्यापास्नं तिला कुणी हात लावून बघेस्तवर किती येळ गेला, हे मोजू," अप्पांनी पहिल्या बैठकीत सांगितलं होतं.

"दारात म्हंजे कुठल्या दारात?" बार्शीकडच्या गृहस्थांनी विचारलं. "आमचं फाटक हाय रस्त्याला. तितनं वॉर्डापत्तर बाई बसत-उठत येती. तो येळ आमच्या बोकांडी का?"

झालं. दार म्हणजे कुठलं दार यावर दुपार गेली. पुढच्या बैठकीत फाटकाऐवजी वॉर्डाचं दार धरायचं ठरलं. त्याच्या पुढच्या बैठकीत वॉर्डाचं दार जाऊन खाट आली. बाई खाटेवर पोचली म्हणजे कुणीतरी तिला बघूनच खाटेवर घातलेलं असणार. त्यामुळे सगळीकडे वेळ शून्य आला, सगळे खूश झाले आणि निकष मंजूर झाला. अप्पांनी कपाळाला हात लावला.

मग अप्पा म्हणाले, बाळंत होताना तुझ्यावर कुणी ओरडलं का, कुणी हात उगारला का, हे बाईलाच विचारू. मग एक वयस्क प्रतिनिधी म्हणाले, "आमच्याकडं असं होत न्हाय."

"मग बरंच की. न्हाय म्हणून लिवायला सोपं जाईल."

"होत न्हाय ते मोजायचं कशाला, अप्पा?"

मग सिझेरियनचा विषय निघाला तेव्हा डॉ. वैजयंती म्हणाल्या, "अडलेल्या सगळ्या केसेस शेवटी माझ्या दारात येतात. माझा आकडा वाढणारच. उद्या कुणी तो वाचला की मी पोट फाडायलाच बसलेय असं होईल." तेही खोटं नव्हतं. अप्पांचा जीव मेटाकुटीला येई तो याच गोष्टीनं. तिथं लबाड असं कुणीच नव्हतं. लबाड माणूस असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. इथं प्रत्येक जण आपल्या खुर्चीतून बघत होता आणि त्या खुर्चीतून त्याचं बरोबरच होतं. फक्त बाळंतीण कुठल्याच खुर्चीत बसलेली नव्हती.

अशा तऱ्हेनं एकेक निकष घासून घासून गुळगुळीत झाला. अप्पांच्या मनातला म्हणावा असा एकच उरला. बाळंतीण घरी गेली की आठवड्याच्या आत ताईनं तिच्या घरी जाऊन तिला तपासायचं. रक्तदाब, ताप, अंगावरून किती जातंय, बाळ दूध ओढतंय का. इस्पितळात लोक असतात, घरी कोण असतं? घरी असतात सल्ले. हा निकष कुणी बिघडवू नये म्हणून अप्पा मनातल्या मनात सिद्धरामेश्वराला हात जोडून बसले होते. सगळ्यांनी माना हलवल्याही. अप्पा चहा सांगायला उठणार, इतक्यात बार्शीकडच्या गृहस्थांनी चष्मा पुसत विचारलं, "माहेरी गेलेल्या बाईचं काय?"

आता हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरायची, हिरव्या बांगड्या भरायच्या, आणि लेक आईकडे. तिचं नाव नोंदलेलं सासरच्या गावी, सुरुवातीच्या तपासण्या तिकडच्या, बाळंतपण इकडे, सव्वा महिना झाला की पुन्हा तिकडे.

"आमच्या सुना नोंदलेल्या आमच्याकडं, आन् निजलेल्या तुमच्या सोलापुरात," बार्शीकडचे म्हणाले. "आमची ताई काय एसटीनं येऊन तपासंल? आन् न्हाय तपासलं की आमची टक्केवारी पडंल."

"आणि आमच्याकडे त्यांची नोंदच नाही," शहराकडचे म्हणाले. "तपासलं तर ते आमच्या खात्यात दिसत नाही. मग आमच्या ताईनं का फिरायचं?"

या एका प्रश्नावर घोडं जे अडलं ते अडलंच. बैठकामागून बैठका झाल्या. कुणी म्हणालं दोन्हीकडे मोजा, तर मग एकाच बाईची दोन बाळंतपणं दिसतील. एकानं तर गंभीरपणे सुचवलं की अशी बाई दोन्हीकडे अर्धी-अर्धी धरावी. "वरचा अर्धा कुणाचा, खालचा कुणाचा, त्येबी ठरवून घ्या," अप्पा पुटपुटले. डॉ. मानसिंगांनी ते ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

तिकडे संस्थेचं मंडळ अप्पांच्या मागे लागलेलं. निकष ठरल्याशिवाय काम सुरू कसं होणार? दिवस एप्रिलचे. सोलापूरचं ऊन म्हणजे पंखासुद्धा गरम वाराच फेकतो. त्या दुपारी तोच विषय पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, फाटक, नोंद, टक्केवारी, एसटी. अप्पांचं डोकं भणभणत होतं. त्यांना कसंही करून खोलीबाहेर पडायचं होतं. कान चोळत ते म्हणाले, "मग असं करा की. माहेरच्या बाया वगळून मोजा."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बार्शीकडच्या गृहस्थांनी वाक्य उलटं करून पाहिलं, त्यांना शंका सापडली नाही. डॉ. वैजयंतींनी फोनवरून नजर न काढता बोट वर केलं. डॉ. मानसिंगांनी मान हलवली.

"अप्पा, हे आधी का बोलला नाहीत?" कुणीतरी म्हणालं.

इतका साधा तोडगा. मंजूर झाला, चहा आला, चहाबरोबर कधी नव्हे ती भजीही आली. अप्पांनी तिथं बसूनच तायांच्या ग्रुपवर संदेश टाकला. आठवड्याच्या आतली घरभेट सक्तीची, माहेरी आलेल्या किंवा गेलेल्या माता वगळून. खाली तायांचे अंगठेच अंगठे.

ते घरी आले ते शीळ घालत. शेळगीत त्यांचं घर, पुढं दोन खोल्या, मागं दोन. पुढच्या खोलीत त्यांची लेक दानेश्वरी पाय लांब करून बसली होती. बार्शीला दिलेली, जावई संगमेश तिथल्या धान्याच्या बाजारात दुकान चालवायचे. आठवा महिना होता, पहिलं बाळंतपण, म्हणून आईकडे आलेली. अप्पांनी तिच्यासाठी येताना कलिंगड आणलं होतं. ते स्वतः कापून तिच्यापुढे ठेवत त्यांनी आजच्या बैठकीची सगळी हकीकत रंगवून सांगितली, बार्शीकडच्या गृहस्थांची नक्कल करून दाखवली. दानेश्वरी पोट धरून हसली. जी बाई आपण वगळली ती आपल्यासमोर कलिंगड खातेय, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. तिच्याही आलं नाही. आपलं माणूस हे निकषात बसणारं माणूस असतं, असं कुणाला वाटत नाही.

मे महिन्यात दानेश्वरी बाळंत झाली. इस्पितळात सगळं व्यवस्थित झालं, मुलगी झाली, संगमेश पेढे घेऊन आले आणि दुकानासाठी परत गेले. बाळ-बाळंतीण घरी आली. मागच्या खोलीची खिडकी बंद झाली, बाजेखाली शेगडी आली, लेकीचे कान बांधले गेले. महेश्वरी, म्हणजे अप्पांच्या पत्नी, रात्रंदिवस एक करून राबत होत्या. खीर, डिंकाचे लाडू, शेक, धुरी. त्या खोलीत अप्पांना मज्जाव होता. त्यांनी दाराबाहेरून "कसं हाय?" विचारायचं आणि आतून "बरं हाय" ऐकून ऑफिसला जायचं.

एक दिवस आतून "बरं हाय" जरा उशिरानं आलं. डोकं दुखतंय, असं दानेश्वरी आईला म्हणाली होती. झोप नाही पुरेशी, होणारच, असं महेश्वरी म्हणाल्या आणि कान आणखी घट्ट बांधले. दुसऱ्या दिवशी हातातल्या हिरव्या बांगड्या रुतायला लागल्या. पाऊल दाबलं तर खळगा पडत होता. महेश्वरींना उलट समाधान वाटलं. शेजारणींना त्यांनी कौतुकानं सांगितलं की बाळंतीण कशी भरलीय बघा, आमच्या लाडवांचा गुण. शेजारणींनीही बांगड्या बघून माना डोलावल्या. पोरगी माहेरी येऊन वाळली तर आईला नावं ठेवतात. इथं लेक भरलेली दिसत होती, मग कशाला कुणाच्या मनात पाल चुकचुकेल?

अप्पा त्या दिवसांत वेगळ्याच घाईत होते. पहिल्या महिन्याचे आकडे येत होते आणि आकडे झकास होते. घरभेटींची टक्केवारी शंभराला टेकली होती. मंडळानं अभिनंदन कळवलं. ते सांगायला म्हणून अप्पा सकाळी अंगणात फोनवर बोलत उभे होते, तेव्हा शेजारच्या चिलका कुटुंबाच्या दारात पूनमताईची स्कूटर दिसली. पूनम ही संस्थेची त्या भागातली ताई. चिलकांच्या सुनेचं दुसरं बाळंतपण, म्हणून ते सासरीच झालेलं, आणि पूनम तिला तपासून बाहेर पडत होती. स्कूटरला किल्ली लावून ती निघालीसुद्धा.

अप्पांचं पित्त खवळलं. आपल्या घरात बाळंतीण आहे, प्रकल्प आपण चालवतो, आणि ही बाई नाकासमोरून निघून जाते?

"पूनमताई, आमचं घर दिसत न्हाय व्हय तुमाला?"

पूनम थांबली. "दिसतंय की, अप्पा."

"आत लेक बाळंत झालीय माजी. आठवडा होत आला. येऊन बघावं वाटलं न्हाय?"

"बघणार होते हो मी. पण दानेश्वरीताई बार्शीला नोंदलेल्या न्हवं? माहेरवाशिणी वगळल्यात की. तुमीच टाकलेलं ग्रुपवर." मग जरा ओशाळून ती म्हणाली, "आन् वगळलेल्या घरात गेलं की बाकीच्या भेटी ऱ्हातात, मग आमच्या वरच्या मॅडम बोलतात. त्यातनं तुमचं घर. तुमच्या घरी मी काय नवं सांगणार, असंबी वाटलं."

क्षणभर अप्पांना वाटलं ही चेष्टा करतेय. मग त्यांनी फाटक उघडलं आणि म्हणाले, "नियम ऱ्हाऊ द्या. आदी आत चला."

महेश्वरींनी दारातच अडवलं, बाहेरून आलात, पाय धुवा. पूनमनं पाय धुतले, आत गेली. दाराबाहेर उभ्या अप्पांना दंडाला पट्टा बांधल्याचा आवाज आला, हवा भरल्याचा आवाज आला, मग काहीच आलं नाही. पूनमनं पुन्हा पट्टा बांधला. पुन्हा हवा भरली.

"ताई, डोळ्यापुढं काय दिसतंय का?" तिनं विचारलं.

"चमकल्यागत होतंय," दानेश्वरी म्हणाली. "काल रात्रीपासनं. अव्वाला म्हणाले मी, झोप न्हाय म्हणून आसंल."

पूनम बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पार उतरला होता. ती हळूच म्हणाली, "अप्पा, रिक्षा आणा. कपडे-बिपडे काय नको, आत्ताच्या आत्ता." बाळंतपण उरकलं की धोका टळला असं लोक समजतात, पण रक्तदाब नंतरही चढतो, आणि हा फार चढला होता.

रिक्षात दानेश्वरी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. इस्पितळ समोर दिसत असतानाच तिचे डोळे फिरले आणि अंग ताठ होऊन झटके यायला लागले. "यव्वा, यव्वा गं," करत महेश्वरी तिला धरू बघत होत्या, आणि लेक हातात धरवत नव्हती. बाळ पूनमच्या कुशीत किंचाळत होतं. अप्पा पुढच्या बाजूला रिक्षावाल्याशेजारी बसले होते. त्यांनी एकदाच मागं वळून बघितलं. पुढं कित्येक दिवस त्यांना डोळे मिटायची भीती वाटत होती.

ते इस्पितळ डॉ. वैजयंती काटकरांचं. कायम घाईत असणारी ती बाई त्या दिवशी मात्र तासन्‌तास दानेश्वरीच्या खाटेपाशी उभी होती. फोन कुठं ठेवला हेही तिला आठवत नव्हतं. झटक्यांवरचं इंजेक्शन चालू झालं, झटके थांबले, पण लेक डोळे उघडेना. बाहेर बाकावर अप्पा आणि महेश्वरी बसून होते. बार्शीहून संगमेश आले, तेही बसले.

डॉ. वैजयंती बाहेर आल्या तेव्हा दमलेल्या होत्या. "अप्पा, दोन दिवस आधी यायला हवं होतं. सूज, डोकेदुखी, सगळी लक्षणं होती. घरी तपासायला कुणी आलं नव्हतं?"

"न्हाय, मॅडम," अप्पा म्हणाले. "माहेरी हाय न्हवं का ती. आपण वगळलंय."

डॉ. वैजयंती मग वळून आत गेल्या.

दानेश्वरीनं डोळे उघडले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. आधी आईला हाक मारली, मग बाळ कुठंय विचारलं. तिघांचा जीव भांड्यात पडला. नजर स्वच्छ व्हायला आणखी काही दिवस गेले. अंगावरचं दूध मात्र आटलं ते आटलंच.

घरी आल्यावर महेश्वरी नवऱ्याशी कामापुरतंच बोलू लागल्या. स्वतःलाही त्यांनी कमी दोष दिला नाही. डिंकाचे लाडू मांडणीवरून उचलून त्यांनी डबाच्या डबा गल्लीत वाटून टाकला. एकदा भाकरी वाढता वाढता त्यांनी विचारलं, "त्या तुमच्या बैठकीत कुणाच्या लेकी वगळल्या म्हणलात?"

"समद्यांच्याच," अप्पा म्हणाले.

अप्पा न जेवताच उठले.

पुढच्या बैठकीला अप्पा गेले ते विषय ठरवूनच. निकष बदलायचा. बाई ज्या घरात निजते तिथल्या ताईनं तिला तपासायचं, नाव कुठंही नोंदलेलं असो. टक्केवारीचं काय व्हायचं ते होऊ दे. आपण सुचवलं तेव्हा चहा यायच्या आत मंजूर झालं होतं, मग मागे घ्यायलाही तेवढाच वेळ लागेल, असं त्यांना भाबडेपणानं वाटत होतं.

"तुमच्या मुलीचं कळलं, अप्पा. लई वाईट वाटलं," बार्शीकडचे गृहस्थ म्हणाले आणि ते खरंच मनापासून म्हणाले. "आमचीच सून की ती, गावच्या नात्यानं. पण एका केसवरनं ठरलेला निकष मोडायचा म्हंजे..."

"आकडे आत्ता कुठं बरे यायला लागलेत," शहराकडचे म्हणाले.

"मंडळाला कळवून झालंय," आणखी कुणी म्हणालं. "आता बदललं तर आधीचे आकडे आणि पुढचे आकडे जुळणार नाहीत."

"अपवाद म्हणून टीप देता येईल."

अप्पा एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. तीच खोली, तोच पंखा, तीच माणसं, आणि आजही कुणी लबाड नव्हतं. डॉ. मानसिंगांनी घसा साफ केला. "अप्पा, तुमची भावना समजते. आपण असं करू, पुढच्या बैठकीत यावर सविस्तर..."

"साहेब, पुडची बैठक ऱ्हाऊ द्या," अप्पा उठून उभे राहिले. आवाज चढवायचा नाही असं घरून ठरवून आले होते, तरी तो चढलाच. "मला निस्तं एक सांगा. तुमी समदे सांगा. तुमचं पहिलं पोर कुटं झालं?"

"म्हंजे?" बार्शीकडच्यांनी शिवण शोधायचा प्रयत्न केला.

"म्हंजे कुटल्या गावात, कुणाच्या घरात?"

"बायकोच्या माहेरी. कुर्डुवाडीला."

"तुमचं?"

"औशाला. सासुरवाडीला."

"तुमचं?"

"वळसंगला."

अप्पांनी एकेकाकडे बोट केलं आणि एकेक गाव बाहेर आलं. डॉ. वैजयंतींची पाळी आली. "माझं आईकडे," त्या म्हणाल्या. "मी स्वतः डॉक्टर, नवरा डॉक्टर, घरात इस्पितळ. तरी आईकडेच गेले. तिकडे माझा रक्तदाब कुणी घेतला असेल असं मला आठवत नाही. मीही नाही घेतला."

"म्हंजे आपल्या निकषात ह्या खोलीतल्या एकाचंबी पहिलं पोर जन्मलेलं न्हाय," अप्पा म्हणाले. "आपण मोजतोय कुणाला मग?"

राहिले होते फक्त डॉ. मानसिंग. त्यांना अप्पांनी विचारलं नव्हतं, अध्यक्षांना बोट करून कसं विचारायचं. पण सगळ्यांच्या नजरा तिकडे गेल्याच.

डॉ. मानसिंगांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "जेऊरला," ते म्हणाले. "तिच्या माहेरी. मी तेव्हा इथं सोलापुरात शिकाऊ डॉक्टर होतो, सुट्टी मिळत नव्हती. मुलगी झाल्याची तार आली. मग ताप आल्याचा निरोप आला. घरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या, वारं बाधलं म्हणून. मी रेल्वेनं पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसलेली होती." ते थांबले. "मुलगी वाचली. पुण्याला असते. तिची आई नाही वाचली. आत्ताची माझी बायको दुसरी."

इतकी वर्षं त्या खोलीतली माणसं डॉ. मानसिंगांना ओळखत होती. कुणाला हे ठाऊक नव्हतं. अप्पांच्या मनात आधी कणव आली, आणि तिच्या पाठोपाठ असा संताप आला की त्यांना टेबलाची कड धरावी लागली.

"साहेब, हे तुमाला ठावं होतं. सोताच्या घरात बघितलेलं होतं. मग मी वगळा म्हणलो तवा तुमी मान कशी काय हलवली?"

डॉ. मानसिंगांनी त्यांच्याकडे शांतपणे बघितलं. रागावले नव्हते ते, दुखावलेही नव्हते.

"तुमची लेक तेव्हा तुमच्याच घरी येऊन राहिली होती ना, अप्पा?" ते म्हणाले.

अप्पा खाली बसले. टेबलावरचा फोन थरथरायला लागला तेव्हा डॉ. वैजयंतींनी तो बंद करून पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "बाई जिथं आहे, तिथल्या ताईनं तपासायचं. आजपासून. लिहून घ्या, अप्पा."

अप्पांनी लिहून घेतलं. बार्शीकडच्या गृहस्थांनी ते वाक्य वाचलं, उलटं केलं नाही, आणि सही करायला पेन मागितलं.